जुनी चूल विझवायची घाई नको

बचत गटाची बैठक म्हटली की एक प्रश्न हमखास निघतो. पापड बरे खपतात, मग आता मसाले काढायचे का? कर्ज काढून नवं यंत्र घ्यायचं का? आज आम्ही याच प्रश्नाची गोष्ट सांगणार आहोत, पण ती पापडाची नाही. महागड्या गाड्या बनवणाऱ्या दोन परदेशी कंपन्यांची आहे.

या कंपन्यांचं नाव झालं ते स्पोर्ट्स कारमुळे. स्पोर्ट्स कार म्हणजे बुटकी, जमिनीलगतची, भन्नाट पळणारी गाडी. तिच्यात जेमतेम दोन माणसं बसतात. एसयूव्ही म्हणजे उंच, ऐसपैस गाडी, सगळं घर बसेल अशी.

पहिली कंपनी पोर्शे, जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातली. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिचा धंदा इतका बसला की कंपनी राहते की बुडते, अशी वेळ आली. १९९६ साली जरा स्वस्तातली स्पोर्ट्स कार काढून ती सावरली. पण एकाच तऱ्हेच्या मालावर किती दिवस काढणार? म्हणून २००२ साली तिने केयेन नावाची एसयूव्ही बाजारात आणली. जुने चाहते नाराज झाले, नाकं मुरडली. गाडी मात्र खपली.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. गाडीचा सांगाडा पोर्शेने एकटीने उभा केला नाही, फोक्सवॅगन कंपनीबरोबर मिळून केला. त्यामुळे खर्च वाटला गेला. दुसरं म्हणजे, १९६४ पासून बनत आलेली ९११ ही आपली ओळखीची गाडी तिने बंद केली नाही. नवी चूल पेटवली, पण जुनीही धगधगती ठेवली.

पुढे विजेच्या गाड्यांचे दिवस आले. युरोपात धुराचे नियम कडक होत गेले. बॅटरी जड असते, तिला जागाही भरपूर लागते. उंच एसयूव्हीच्या तळाशी ती नीट मावते. म्हणून स्पोर्ट्स कारवाल्यांनीही विजेच्या एसयूव्ही काढल्या. पोर्शेने जानेवारी २०२४ मध्ये विजेवरची माकान दाखवली. त्याच वर्षी गाडीतल्या संगणकाच्या सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि पेट्रोलची जुनी माकान युरोपात विकणं थांबलं. विजेची माकान घेणारे भेटले, नाही असं नाही. पण पेट्रोलची गाडी मागणारं गिऱ्हाईकही होतंच, आणि त्याच्यासाठी दुकानात माल नव्हता. शेवटी २०२५ साली कंपनीने सांगितलं की त्या आकाराची पेट्रोलवरची एसयूव्ही पुन्हा काढू. ती यायला मात्र काही वर्षं लागणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये विजेवरची केयेन आली, तेव्हा पेट्रोलची केयेन बंद केली नाही. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या.

दुसरी कंपनी लोटस, इंग्लंडच्या नॉरफोक भागातली. कॉलिन चॅपमन या माणसाने ती सुरू केली. गाडी जितकी हलकी तितकी चांगली, हे त्याचं तत्त्व. १९९६ साली आलेली त्यांची एलिस गाडी साधारण सव्वासातशे किलोची होती. २०१७ साली चीनच्या गिली कंपनीने लोटसचा मोठा हिस्सा घेतला. २०२२ साली लोटसने एलेत्र ही विजेची एसयूव्ही दाखवली. तिचं वजन सुमारे अडीच हजार किलो, आणि ती बनते चीनमधल्या वुहानला. २०२८ पर्यंत आपल्या सगळ्या गाड्या विजेवरच असतील, असंही लोटसने ठरवलं होतं.

मग झालं काय? २०२४ साली अमेरिकेने चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर १०० टक्के जकात लावली. युरोपनेही जादा जकात बसवली. हवा तसा खप झाला नाही. सगळं विजेवर करायचा बेत कंपनीला मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करणार, असं लोटसने जाहीर केलं. त्यात अमेरिकेने परदेशी गाड्यांवर वाढवलेल्या जकातीचाही वाटा होता. ज्या हातांना हलकी गाडी घडवायचं कसब होतं, त्याच हातांवर हे संकट आलं.

यावरून विजेची गाडी वाईट, असं म्हणू नका. दोष विजेचा नाही. मोठमोठे जाणकार, पैसा, यंत्रं असूनही बाजार कसा वळेल हे या कंपन्यांना नेमकं ओळखता आलं नाही. मग आपण दोन-चार लाखांचं कर्ज डोक्यावर घेताना किती जपून पाऊल टाकायला हवं?

म्हणून नवा माल काढण्याआधी बैठकीत चार प्रश्न विचारा. हा माल घेणारं गिऱ्हाईक कोण, ते खरंच बघितलंय का? खर्च वाटून घ्यायला शेजारचा गट सोबत येईल का? एकच व्यापारी किंवा एकच बाजार हातचा गेला, तर माल कुठे विकायचा? आणि नवा माल पायावर उभा राहीपर्यंत जुना चालू राहील ना?

चारही प्रश्नांना उत्तरं मिळाली, तर खुशाल पुढे व्हा. एखादं अडलं, तर पापडाचं लाटणं खाली ठेवू नका. मसाल्याचा पहिला घाणा छोटा करा, आठवडी बाजारात मांडून बघा, आणि कर्जाच्या कागदावर सह्या त्यानंतरच करा.