भृगूची लाथ आणि लक्ष्मीचा रुसवा

ब्रह्मा, विष्णू, महेश यांत श्रेष्ठ कोण? सरस्वतीच्या काठी यज्ञाला जमलेल्या ऋषींना हा प्रश्न पडला आणि परीक्षा घ्यायला निघाले भृगू. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही कथा येते. नमस्कार केला नाही म्हणून ब्रह्मदेव संतापले. शंकर आलिंगन द्यायला पुढे आले, तर भृगूंनी त्यांना झिडकारलं. त्रिशूळ उगारला गेला, पार्वतीनं आवरलं म्हणून निभावलं. मग वैकुंठात जाऊन भृगूंनी निजलेल्या विष्णूच्या थेट छातीवर लाथ मारली. विष्णू उठले आणि उलट ऋषींचेच पाय चेपू लागले.

कीर्तनकार इथं क्षमेचा महिमा सांगतात. मला मात्र तिरुपतीच्या स्थळपुराणातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. विष्णूचं वक्षःस्थळ हे लक्ष्मीचं घर. लाथ तिच्या घरावर पडली आणि क्षमा केली नवऱ्यानं, तिला न विचारता! ती रुसून करवीरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरला आली. तिच्या शोधात विष्णू वेंकटाद्रीवर येऊन राहिले. आपला अपमान आपण गिळावा. दुसऱ्याचा परस्पर माफ करू नये, हे पुराणकारांनी किती नेमकं हेरलं!

रुसून आलेली ही लक्ष्मी म्हणजेच कोल्हापूरची अंबाबाई, असं ही कथा मानते. पण अंबाबाई विष्णुपत्नी नव्हे, आदिशक्ती आहे, असं ठामपणे म्हणणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. मूर्तीमागच्या सिंहाकडे ते बोट दाखवतात. तरीही नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो.