दप्तरातील गोळ्या

मुलाच्या दप्तरात मोडॅफिनिलची पट्टी सापडली, की घरात पंचनामा सुरू होतो. तो तूर्त राहू द्यावा, असे आम्ही म्हणतो. हे औषध दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावरचे. त्याने जाग येते; बुद्धी येते असे मात्र नव्हे! ‘कोणी दिले?’ यापेक्षा ‘तुला याची गरज का भासली रे?’ असे विचारा, आणि मग गप्प बसा. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, मित्र नकोसे झाले, असे १५ दिवस चालले तर नैराश्याची शंका घ्यावी. गोळीनेही हे होते. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. ‘मरावेसे वाटते का?’ हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मुलगा ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारचा १४४१६ हा ‘टेलिमानस’ दूरध्वनी २०२२ पासून अहोरात्र चालू आहे.