बसून गायची लावणी

लावणी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ढोलकी, चाळ, शिट्ट्या, जत्रेतला तंबू. आमच्यातल्या कितीतरी जणींना लहानपणी ताकीद असायची, तिकडं फिरकायचं नाही. म्हणून बैठकीची लावणी आम्हाला उशिराच कळली.

ही लावणी बाई बसून गाते. साथीला तबला, पेटी, सारंगी. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अर्थ पालटतो. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा टोमणा. सगळं गळ्यातून, डोळ्यांतून, बोटांतून. हे ठुमरीच्या जवळचं गाणं. ऐकणारे मोजकेच असत. ते आश्रयदाते गेले, सिनेमा आला आणि ही बैठक मागं पडली.

तिला पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्यांत डॉ. अशोक रानडे यांचं नाव मोठं. जन्म १९३७ चा. गजाननबुवा जोशींकडं शिकलेले गायक आणि संगीताचे गाढे अभ्यासक. मराठी रंगभूमीच्या संगीतावर त्यांनी ग्रंथ लिहिला, ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिलं. पण ते कागदावर थांबले नाहीत. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे कार्यक्रम त्यांनी उभे केले. गाण्याबरोबर निरूपणही असायचं. गाणं कोण, कुठं, कशासाठी म्हणतं, हे कळल्याशिवाय ते पुरतं कळत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा. २०११ साली ते गेले.

आणि बघा, ही लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर आपल्याच जिल्ह्यातल्या, वाईच्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून त्या गेल्या. जिच्या गाण्याला घरंदाज म्हणवणाऱ्यांनी नाक मुरडलं, तिचाच देशानं मान केला. आम्हाला तेव्हा आपलीच लाज वाटली.

आपल्या कोयनेत धरणासाठी गावं उठली. जातं गाडीत घालून नेता आलं. पण ओवीला ओवी जोडणारी शेजारीण भलत्याच गावाला गेली, मग ओवी अर्धीच राहिली.

म्हणून आमची एक विनंती. घरातल्या म्हातारीजवळ बसा. तिची परवानगी घेऊन मोबाईलवर गाणं टिपा. पण तेवढ्यावर उठू नका. हे कधी म्हणायचात? सोबत कोण असायचं? कोणाला उद्देशून म्हणायचात? तेही विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नुसते शब्द राहिले, तर गाणं अर्धंच राहील.