कारखान्याच्या फाटकाबाहेरचा कॅमेरा

(पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दूरचित्रवाणीची बातमी कशी तयार करावी, हे शिकण्यासाठी आपण येथे जमला आहात. दृश्ये कशी टिपावीत, बाइट कशी घ्यावी, दीड मिनिटात विषय कसा मांडावा, हे आपले शिक्षक शिकवतील. ते मन लावून शिका. तंत्राविषयीची बेपर्वाई म्हणजे ध्येयवाद नव्हे. कामगाराचे म्हणणेच यंत्रांच्या घरघरीत बुडाले, तर आपल्या सहानुभूतीचा त्याला काय उपयोग? मला बोलावयाचे आहे ते त्यापुढील प्रश्नाविषयी. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कॅमेरा कोठे उभा करावा आणि किती काळ उभा ठेवावा, हा तो प्रश्न होय.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मोटारींचे कारखाने आले आणि १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आज मोटारनिर्मितीचे केंद्र आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली माणसे या यंत्रांपुढे उभी आहेत. ती पडद्यावर दिसतात केव्हा? रस्ता अडला तर, नाही तर आग लागली तर.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढील दिवसांत रुग्णालयात दगावले. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. आगीचे चित्र एका संध्याकाळपुरते असते. नंतर रुग्णालयात मरणाऱ्या बाईच्या वाट्याला ज्वाळा नसतात, म्हणून कॅमेराही नसतो. पण खरी बातमी तेथूनच सुरू होते. ती कोणाच्या नावावर कामाला होती? बाहेर पडण्याचे दरवाजे किती होते? तपासणी करणे कोणाचे कर्तव्य होते?

ज्या अपघाताला ज्वाळाही नाहीत, त्याची गत याहून वाईट आहे. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली कामगारांची बोटे तुटतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांतून अशा जखमांची नोंद ठेवीत आली आहे आणि त्यांत पुणे परिसरही आहे. तुटलेले बोट वाहतूक अडवीत नाही. म्हणून ते बातमीत येत नाही.

याचा दोष एकट्या वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. स्ट्रिंगरला पुष्कळदा बातमीमागे पैसे मिळतात. त्याच घटनेकडे पुन्हा जाण्यात त्याचे पेट्रोल जाते, पदरात काही पडत नाही. म्हणजे हातात बूम घेतलेला तरुण आणि फाटकातून बाहेर पडणारा कंत्राटी कामगार हे दोघे एकाच व्यवस्थेचे मजूर आहेत. हे नाते ज्याला उमगले, त्याचा प्रश्न विचारण्याचा सूरच बदलतो.

आता फाटकाविषयी. अनेक कारखान्यांत आत जाताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आतले चित्र आपणांस मिळणार नाही, हे गृहीत धरूनच काम करावे लागते. मग साधने कोणती? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, अग्निशमन दल आहे, कामगार न्यायालयातील कागद आहेत. आणि स्वतः कामगार आहे. पण तो बोलला, तर उद्या कामावर असेलच असे नाही. म्हणून केवळ चेहरा झाकून भागत नाही. गणवेशाचा रंग, गळ्यातील ओळखपत्र, हातावरचे गोंदण, मागची गल्ली, आवाजसुद्धा त्याची ओळख देतो. ही बातमी मोबाइलवरून त्याच्या मुकादमापर्यंत जाईल, हे त्याला आधी स्पष्ट सांगा आणि मगच संमती घ्या. त्याला भोजपुरीत बोलावयाचे असेल, तर भोजपुरीत बोलू द्या.

कोणी म्हणेल, एवढे सोसून एका स्थानिक बातमीने काय साधणार? मावळ आठवा. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. गोळीबार स्वसंरक्षणार्थ केला, असे सांगण्यात आले. परंतु दूरचित्रवाणीवरील दृश्यांत पोलीस उभ्या वाहनांची नासधूस करताना आणि गोळ्या झाडताना दिसले. सरकारी निवेदनापुढे लोकांनी पाहिलेले चित्र उभे राहिले, आणि न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. त्या वेळी कॅमेरा बंद असता, तर शेतकऱ्यांच्या शब्दाला किती वजन आले असते? यातून एक धडा घ्या: चित्रण सलग करा, आणि बातमी गेल्यावर मूळ चित्रण पुसू नका. आज प्रक्षेपित झालेली ४० सेकंदे उद्या विस्मरणात जातील. जपून ठेवलेली २० मिनिटे साक्ष देतील.

स्थानिक दूरचित्रवाणी लोकांची होऊ शकते, हे या देशाने पूर्वी पाहिले आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज येथील लहान प्रक्षेपकावरून १९७५ पासून सुमारे दहा वर्षे गावकऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत मांडले गेले. ते सरकारी पैशाने आणि अवकाश संशोधकांच्या मदतीने झाले. आज तुमच्या खिशातील यंत्र त्या काळच्या अवजड कॅमेऱ्याहून अधिक काम करते. उणीव साधनांची राहिलेली नाही.

उणीव आहे ती परत जाण्याची. म्हणून प्रत्येकाने एक वस्ती किंवा एक कामगार नाका आपला मानावा. घटना घडो वा न घडो, दर महिन्याला तेथे जावे. आणि आपण पक्षाचे कार्यकर्ते येथे ऐकत आहात, त्यांना माझे सांगणे आहे: या मुलांना मोर्चाचे निमंत्रण देऊन थांबू नका. जखमी कामगाराच्या घरचा पत्ता दाखवा, कागद मिळवून द्या. आणि त्यांनी आपल्या संघटनेलाही अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर द्या. जो वार्ताहर आपल्याला प्रश्न विचारू शकत नाही, तो मालकालाही विचारू शकणार नाही.