ज्याची त्याची संथा

अंध, मूकबधिर व मंदगतीने शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

पंचतंत्राची प्रस्तावना आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तिन्ही पुत्र विद्येला पारखे राहिले. एकट्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, असा हिशेब राजापुढे मांडण्यात आला. विष्णुशर्म्याने मात्र सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली आणि गोष्टी सांगावयास प्रारंभ केला. त्याने शिष्य बदलून मागितले नाहीत, शिकविण्याची रीत बदलली. विशेष शिक्षणाचे मर्म एवढेच आहे.

आमच्या पाठशाळेतील संथेकडे याच दृष्टीने पाहू. गुरूने एक चरण म्हणावा, शिष्याने तो दोनदा म्हणावा, आणि तो मुखोद्गत झाल्यावाचून पुढचा देऊ नये. अंध बालकाला ही रीत मानवते, कारण ती कानाची विद्या आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे उदाहरण आपल्या प्रांतातलेच आहे. हानगलच्या कुमारस्वामींनी एका अंध बालकाच्या संगीतशिक्षणाची सोय केली. तेच पुढे पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) म्हणून विख्यात झाले. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई हेही अंधच. त्यांनी आश्रमात अंध व निराधार मुलांना आयुष्यभर विद्यादान केले. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मंदगतीने शिकणाऱ्या मुलालाही लहान घास आणि पुष्कळ आवृत्ती लागतात. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली ती अशाच मुलांसाठी. अशा मुलाने सदऱ्याची गुंडी आपली आपण लावली किंवा दुकानातून मोड मोजून आणली, तर तीही विद्याच होय.

मूकबधिर बालकापुढे मात्र आमची संथा निरुपायी ठरते. त्याला खुणांची भाषा हवी, आणि ती लवकर हवी. पहिली पाच-सहा वर्षे कोणत्याही भाषेवाचून गेली, तर ती उणीव पुढे भरून निघणे फार कठीण. त्यातून आपल्या सीमाभागात घरी मराठी, कचेरीत कानडी आणि शाळेत इंग्रजीही. कमी ऐकू येणाऱ्या किंवा उशिरा उमगणाऱ्या लेकराला निदान घरची एक भाषा तरी प्रथम पुरती मिळावी.

२०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. बेळगावात अंधशाळाही आहे. परंतु जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातील वाड्यांवर पावसाळ्यात ओढे भरले की धडधाकट मुलाचीही शाळा बुडते. तेथे कायदा वेशीपर्यंत येतो, उंबरठ्यापर्यंत तो आपणच नेला पाहिजे.

म्हणून वर्धापनाच्या निमित्ताने इमारतीचा विचार मागाहून व्हावा, आधी शिक्षकाचा व्हावा, अशी माझी नम्र विनंती आहे. मराठी व कानडी दोन्ही जाणणाऱ्या, याच तालुक्यातील दोघा तरुणांना ब्रेल लिपी, खुणांची भाषा व मंदगती मुलांना शिकविण्याची रीत यांचे रीतसर शिक्षण घेण्यास मठाने पाठवावे. परतल्यावर त्यांनी ठरल्या वारी वाड्यावाड्यांवर जावे, आणि मुलाबरोबर आईलाही शिकवावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. पूर्वकर्माचे फळ म्हणून अशी लेकरे कित्येक घरांत झाकून ठेविली जातात. उत्सवाला सारे घर येते, ते मूल तेवढे मागे राहते. कर्माचा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करावयाचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगून स्वतः मोकळे होण्यासाठी तो सिद्धांत नाही. दुसऱ्याच्या लेकराविषयी आपल्याला एवढेच विचारता येईल : येथे माझे कर्तव्य कोणते?

पुढील उत्सवास ही मुले आईवडिलांसह सभामंडपात पुढच्या रांगेत बसलेली दिसावीत आणि ज्याला त्याला त्याची संथा मिळावी, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.