माल दारात येईपर्यंतची किंमत

(लहान मुद्रण व्यावसायिकांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी मुद्रक नाही. माझे आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले आणि पदवी मराठी साहित्यातील. परदेशातून मागवायच्या मुद्रणसाहित्याच्या दरपत्रकांवर अशा माणसाने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु या विषयातील धडा मी दुसऱ्याच्या पैशाने शिकलो आहे, आणि म्हणून तो आपल्यापुढे मांडणे हे माझ्यावरील एक प्रकारचे ऋण आहे.

२०१८ सालची गोष्ट. माझ्या एका स्नेह्यांचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. दिवाळी अंकांचे काम हा त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा कणा. सोळा पानांच्या एका चौरंगी फॉर्मला दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा लागतात. असे किती फॉर्म आणि असे किती अंक, याचा हिशेब आपणांस मी सांगायला नको. त्या वर्षी त्यांनी धाडस केले आणि स्थानिक विक्रेत्याऐवजी थेट चीनमधून प्लेटा मागवण्याचे ठरवले. तीन दरपत्रके आली. ती घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, तुमचे इंग्रजी चांगले. जरा वाचून सांगा." मी वाचली. प्रत्येक शब्दाचा अर्थ मला लागला. सर्वांत खालचा आकडा कोणता, हे मी बोट ठेवून दाखवले आणि चहा घेऊन ते आनंदाने गेले.

माल वेळेवर न्हावा-शेवाला उतरला. त्यापाठोपाठ माल उतरवून घेणाऱ्या एजंटाचे बिल आले. मालाचा ताबा देणाऱ्या कागदाचे शुल्क, हाताळणी, कंटेनर फोडण्याचा खर्च, कागदपत्रांचा खर्च. अपेक्षिलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. त्यावर आयातशुल्क आणि कर. तेवढी रोकड हाताशी नव्हती. जमवाजमवीत दिवस गेले आणि माल पडून राहिला त्या प्रत्येक दिवसाचे भाडे चढत गेले. अखेर उधारीवर स्थानिक प्लेटा घेऊन काम रेटले, तरी दोन अंक बाजारात वसुबारसेनंतर पोहोचले. उशिरा आलेल्या दिवाळी अंकाचे काय होते, ते या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? प्रकाशकांनी बिलात कपात केली. वहिनींच्या नावावरची एक मुदत ठेव मोडावी लागली. मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही, हे त्यातले सर्वांत जड.

माझी चूक काय झाली? मी दरपत्रकाचा आकडा वाचला आणि आकड्याशेजारची तीन अक्षरे सोडून दिली. एफओबी, सीआयएफ, एक्स वर्क्स ही अक्षरे म्हणजे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवून दिलेली परिभाषा. तिला इन्कोटर्म्स म्हणतात. ती १९३६ पासून चालत आली असून सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. विक्रेत्याचा खर्च कोठे संपतो आणि मालाची जोखीम कोठून आपल्या माथी येते, हे ही अक्षरे सांगतात. 'एक्स वर्क्स' म्हणजे माल त्याच्या कारखान्यात तयार आहे, तेथून पुढे सारे आपले. 'एफओबी' म्हणजे त्याच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंत त्याचे. 'सीआयएफ' म्हणजे आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा त्याने भरलेला. तेव्हा तीन दरपत्रकांतील तीन आकडे हे तीन निरनिराळ्या ठिकाणांपर्यंतचे असू शकतात. दादरपर्यंतचे भाडे आणि पुण्यापर्यंतचे भाडे यांत स्वस्त कोणते, असे विचारण्यासारखेच ते.

सीआयएफमध्ये एक खोच आहे आणि आमचे स्नेही नेमके तेथेच अडकले. भाडे विक्रेता भरतो, म्हणून वाहतूकदारही तोच निवडतो. आपला माल थोडा असला, म्हणजे पूर्ण कंटेनरभर नसला, तर तो इतरांच्या मालासोबत एकत्र येतो. अशा एकत्रित मालाच्या व्यवहारात तेथील भाडे नाममात्र, क्वचित शून्यसुद्धा लावतात आणि त्याची भरपाई येथे माल सोडवणाऱ्याकडून करून घेतात. विक्रेता स्वस्त दिसतो, वाहतूकदाराला धंदा मिळतो आणि बिल येते आपल्याकडे. त्या वेळी माल त्यांच्या ताब्यात असल्याने घासाघीस करायला वाव उरत नाही.

हे आकड्यांत पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, एक हजार चौरस मीटर प्लेटा हव्यात. एकाचा दर सीआयएफ न्हावा-शेवा २,७६० डॉलर, दुसऱ्याचा एफओबी २,७०० डॉलर आणि त्यावर आपण ठरवलेले भाडे व विमा १२० डॉलर. म्हणजे दुसरा २,८२० ला पडतो. पहिला साठ डॉलरने स्वस्त. डॉलर ९० रुपयांचा, मूळ आयातशुल्क साडेसात टक्के आणि त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार धरू. पहिल्याची रक्कम होते २,६८,८९३ रुपये आणि दुसऱ्याची सुमारे २,७४,७३९. आता बंदरावरचा खर्च मिळवा. पहिल्यात त्यांच्या वाहतूकदाराने ३५,००० लावले, दुसऱ्यात आपल्या माणसाशी आधी बोलून १८,००० ठरवले होते. पहिला माल पडला ३,०३,८९३ रुपयांना आणि दुसरा २,९२,७३९ ला. स्वस्त दरपत्रक अकरा हजारांनी महाग ठरले! आणि २४८ रुपये चौरस मीटर वाटणारी प्लेट दारात आली तेव्हा ३०४ रुपयांची झालेली होती.

यात एकात्मिक वस्तू व सेवा कर मी धरलेला नाही. तो या सर्वांवर लागतो. अठरा टक्के धरला तर पहिल्या मालावर अठ्ठेचाळीस हजारांच्या वर. जॉबवर्क करणाऱ्या मुद्रकाला तो पुढे वजा करून मिळतो, परंतु माल सोडवताना रोख भरावाच लागतो. वर्षभराच्या कामात ही रोकडच माणसाला बुडवते. आणि जो स्वतः पुस्तके वा वृत्तपत्र छापून विकतो, त्याच्या विक्रीवर करच नसल्याने त्याला ही वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी हा कर म्हणजे खर्चच. एकाच दरपत्रकाचा अर्थ दोन छापखान्यांत असा वेगळा निघतो.

सीआयएफमधल्या विम्याविषयी एक शब्द. तो विमा किमान संरक्षणाचा असतो. आग, जहाज बुडणे, टक्कर अशा मोठ्या आपत्ती त्यात येतात. कंटेनरमध्ये पाणी शिरून माल भिजला तर त्याची भरपाई त्यात नसते. आपला माल ऐन पावसाळ्यात उतरणार असेल तर वेगळा विमा घ्यावा. आणि जोखीम मात्र सीआयएफमध्येही माल त्यांच्या जहाजावर चढताक्षणी आपली होते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, मलाही नव्हते.

आता मालाच्या वर्णनाकडे. 'सीटीपी प्लेट, उत्तम दर्जा' एवढ्या वर्णनावर पैसे पाठवू नयेत. थर्मल की व्हायोलेट की यूव्ही, आपल्या यंत्राच्या किरणांशी जुळणारी कोणती, हे लिहून घ्यावे. जाडी लिहून घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आहे, म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ८१० ग्रॅम आणि ०.२७ चे सुमारे ७३० ग्रॅम. किराणा दुकानातला तराजूसुद्धा येथे न्यायाधीशाचे काम करतो. डिजिटल छपाई करणाऱ्यांनी टोनरच्या काडतुसाचा दर पाहू नये, हजार पानांचा पाहावा. एकरंगी टोनरच्या पानसंख्येचे मोजमाप आयएसओ १९७५२ या मानकाप्रमाणे केले आहे का, हे विचारावे. अर्थात ती चाचणी पानाचा साधारण पाच टक्के भाग शाईने व्यापला आहे असे धरून होते. चाचणीच्या पानावर ना आपली शिरोरेखा असते, ना वाढदिवसाच्या शुभेच्छांचे काळे चौकोन!

शुल्क किती लागेल, हे वर्गीकरणावर ठरते. सुटी टोनर भुकटी आणि यंत्राचा भाग मानले जाणारे काडतूस यांची प्रकरणे वेगळी. प्लेटांवर तर आणखी एक टांगती तलवार असते. चीन, जपान, कोरिया, तैवान आणि व्हिएतनाम येथून येणाऱ्या डिजिटल ऑफसेट प्लेटांवर २०२० मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लावले गेले. असे शुल्क ठरावीक मुदतीचे असते आणि देशाप्रमाणे, उत्पादकाप्रमाणे बदलते. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी त्या दिवशीची स्थिती सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावी. दरपत्रकात हा आकडा कधीही नसतो, कारण तो विक्रेत्याचा प्रश्नच नव्हे.

कधी कधी विक्रेता मोठ्या प्रेमाने सुचवतो, "बीजक कमी रकमेचे पाठवू का?" यास स्वच्छ नकार द्यावा. सीमाशुल्क कायद्याचे चौदावे कलम प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत मागते. माल जप्त होतो तो आपला, दंड होतो तो आपल्याला. प्रेमळ विक्रेता तिकडेच असतो.

दराची मुदतही पाहावी. २०२१ मध्ये कंटेनरची भाडी कशी भडकली ते आपण अनुभवले; २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि जर्मन शाई व ब्लँकेट मागवणाऱ्यांचे हिशेब चुकले. पैसे साधारणतः तीस टक्के आगाऊ आणि उरलेले जहाजी पावतीची प्रत पाहून द्यायचे असतात. मध्येच "आमचे बँक खाते बदलले आहे" असा ईमेल आला, तर त्याला उत्तर न देता आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

आमच्या स्नेह्यांनी पुढे दोन वर्षे आयातीचे नाव काढले नाही. नंतर पुन्हा धीर केला. या वेळी तिन्ही विक्रेत्यांना आम्ही एकच पत्र पाठवले. दर एफओबी द्यावा, प्लेटेचा प्रकार, जाडी व चौरस मीटर लिहावेत, पेटीचे वजन व आकारमान द्यावे, दर किती दिवस कायम राहील ते सांगावे, आणि सदोष माल निघाल्यास काय करणार ते लिहून द्यावे. पहिल्याने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने पुन्हा जुनेच दरपत्रक धाडले. तिसऱ्याने दोन दिवसांत प्रत्येक प्रश्नाला क्रमाने उत्तर दिले. त्याचा दर तिघांत सर्वांत चढा होता. बंदरावरचा खर्च आधी लेखी घेतला आणि कराची रोकड बाजूला काढून मगच आगाऊ रक्कम पाठवली. पेट्या उघडल्या त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. वहिनींनी स्वयंपाकघरातला काटा आणून दिला. मागवली होती ०.२७ ची, आम्ही एक चौरस मीटर भरतील एवढ्या प्लेटा तोलल्या. काटा ७२५ वर थांबला.