निगेटिव्ह रिपोर्टनंतर उरणारी भीती

एचआयव्हीची लागण कशी होते, ती कशी टाळावी, बाधितांशी कसं वागावं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झालं आहे. आज मला ज्या माणसाविषयी बोलायचं आहे, तो यातल्या कशातच बसत नाही. त्याला लागण झालेली नाही आणि होण्याची शक्यताही नगण्य आहे. एकदा कुठे संबंध आला. कंडोम होता, किंवा गोष्ट चुंबन-स्पर्शावरच थांबली होती. तेव्हापासून मात्र त्याची झोप उडाली आहे. त्याने चाचणी केली, ती निगेटिव्ह आली, चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी तो दुसऱ्या लॅबच्या दारात उभा आहे. माझं म्हणणं असं की, या माणसाचं दुखणं रक्तात नाही, त्यामुळे रक्त तपासून ते बरं होत नाही. चाचणी त्याने जरूर करावी. योग्य वेळी आणि एकदाच. त्यानंतर जी उरते ती भीती, आणि तिच्यावर भीती म्हणूनच उपाय करावा लागतो.

आधी धोका किती, ते पाहू. जोडीदार बाधित आहे, औषधोपचार घेत नाही आणि कंडोमही नाही, अशा स्थितीत योनिमार्गाच्या एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याचं सरासरी प्रमाण दहा हजारांत ४ च्या आसपास धरतात; स्त्रीला ८, आणि गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्याला १३८. हे आकडे जोडीदार बाधित असल्याचं गृहीत धरून काढलेले आहेत, ही गोष्ट घाबरलेला माणूस हमखास विसरतो. भारतात प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. जोडीदार जास्त जोखमीच्या गटातला असेल म्हणून ते दहापट, म्हणजे दोन टक्के धरलं, तरी पुरुषाच्या बाबतीत एका संबंधाचा हिशेब सव्वा लाखात एक असा येतो. तोही कंडोमशिवायचा. कंडोम न फाटता शेवटपर्यंत राहिला असेल तर शक्यता आणखी खूप खाली जाते. मुखमैथुनात ती फारच कमी, आणि मिठी, चुंबन, हाताचा स्पर्श यांतून लागण होत नाही. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, अथवा जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल, तर सरासरी वाढते, हे मान्य. पण म्हणून सव्वा लाखातला एक शंभरातला एक होत नाही. उपचार नीट घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आहे, त्याच्यापासून तर लागणच होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशा पुरुष-पुरुष जोडप्यांच्या कंडोमविना झालेल्या सुमारे ७६ हजार संबंधांत जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही; २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हा हिशेब त्याला पटतो, तरी भीती जात नाही, कारण शरीर रोज नवा पुरावा पुढे करत असतं. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी अशी लक्षणं अनेकांना दिसतात, एवढं त्याने वाचलेलं असतं. मग सकाळी आरशासमोर उभं राहून जबड्याखाली दोन बोटांनी चाचपणं सुरू होतं. तिथे लसिकाग्रंथी प्रत्येकाच्याच असतात. दिवसातून वीस वेळा दाबल्या की त्या दुखू लागतात, आणि दुखल्या की खात्री पटते. रात्री तापमापी काखेत, जिभेवर पांढरं दिसतं का म्हणून मोबाइलच्या उजेडात तपासणी. जुलाब, घाम, धडधड, भूक मरणं, वजन उतरणं हे सगळं निव्वळ काळजीनेही होतं. पावसाळ्यात तर साध्या व्हायरल तापानेही हीच यादी पुरी होते. लक्षणांवरून एचआयव्हीचं निदान डॉक्टरही करत नाहीत, मग रात्री दोन वाजता आरशासमोर ते कसं होणार?

निदान चाचणीने होतं आणि चाचणीला तिची वेळ लागते. बोटाला टोचून पट्टीवर थेंब टाकतात ती रॅपिड चाचणी प्रतिपिंडं शोधते. तिच्यासाठी तीन महिने थांबावं. शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये केली जाणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधते. तिचा निकाल ४५ दिवसांनंतर पक्का मानतात. मधल्या काळात प्रतिबंधक औषधं घेतली नसतील आणि नवा संबंध आला नसेल, तर या मुदतीनंतरच्या निगेटिव्ह निकालात भर घालण्यासारखं काही उरत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: आणखी एकदा केली तर बिघडलं काय? मनाचं समाधान तर होईल! दोन गोष्टी बिघडतात. समजा, एखादी चाचणी हजार निरोगी माणसांत पाच जणांना चुकून रिअॅक्टिव्ह, म्हणजे संभाव्य बाधित, दाखवते. जवळपास शून्य धोका असलेल्या दहा हजार माणसांची ती केली, तर पन्नास जणांच्या पायाखालची जमीन सरकेल आणि खरा बाधित त्यांत बहुधा एकही नसेल. म्हणूनच सरकारी केंद्रांत पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह आली तर वेगळ्या किटने आणखी दोन चाचण्या होतात, आणि तिन्ही जुळल्याशिवाय कुणाला बाधित ठरवत नाहीत. जो दर पंधरा दिवसांनी वेगळ्या लॅबमध्ये जातो, तो या चुकीला पुन्हापुन्हा संधी देत असतो. दुसरं, समाधान टिकत नाही. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८६ सालीच दाखवून दिलं की, आजाराची धास्ती घेतलेल्याला वारंवार दिलासा दिला की धास्ती तात्पुरती उतरते आणि पुन्हा वर येते. मात्र दिलासा मागण्याची सवय पक्की होते. कुलूप लागलंय का, हे दहादा ओढून पाहणाऱ्याचं जे होतं, तेच इथे होतं. प्रत्येक रिपोर्टमधून मन नवी फट शोधतं: किट जुनं असेल, नमुना बदलला असेल, माझ्याच शरीरात प्रतिपिंडं उशिरा तयार होत असतील.

मधुमेहासाठी कुणी असा दहा लॅब फिरत नाही. या एका विषाणूची इतकी धास्ती का? एक कारण इतिहासात आहे. भारतात पहिले बाधित १९८६ साली चेन्नईत आढळले आणि सरकारी केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू झाला तो २००४ साली. मधली अठरा वर्षं एड्स म्हणजे मरण, हेच भिंतींवर लिहिलं जात होतं. आज रोज गोळी घेणारा बाधित जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतो. भिंती रंगवून झाल्या तरी मनातली अक्षरं तशीच आहेत. दुसरं कारण जास्त खोल आहे, ते अपराधाच्या भावनेचं. लग्नाबाहेरचा किंवा लग्नाआधीचा संबंध, वेश्यागमन, दोन पुरुषांमधली जवळीक, यांविषयी मन स्वतःला दोषी ठरवून बसतं आणि शिक्षेची वाट पाहतं. शिक्षा आली नाही की ते ती शोधायला निघतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते कामजीवनाकडे पाप म्हणून न पाहता आरोग्य म्हणून पाहावं यासाठी. ते काम अजून पुरं झालेलं नाही. बायकोशी खोटं बोललो, हे जर खुपत असेल, तर तो नात्यातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर लॅबच्या कागदावर छापून येत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. भीती काढून घेतली तर लोक बेफिकीर होतील, असं पुष्कळ चांगली माणसं म्हणतात. मला हे पटत नाही, कारण भीतीने माणूस वेळेवर योग्य ठिकाणी पोचतो असं होत नाही. कंडोम फाटला आणि जोडीदाराची स्थिती माहीत नाही, असा खरा धोका असेल तेव्हा ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. त्या तीन दिवसांत धास्तावलेला माणूस तोंड लपवून घरी बसतो आणि चौथ्या दिवशी इंटरनेटवर लक्षणं वाचू लागतो. ज्याला धोक्याचं मोजमाप कळतं, तो पहिल्याच दिवशी दवाखान्यात जातो. आणि जिथे जाण्याची गरज नाही, तिथे जात नाही. ज्याची जोखीम वारंवारची आहे, त्याने ठरावीक काळाने चाचणी करत राहावी, हे वेगळं. त्या चाचणीला नवं कारण असतं.

मग करायचं काय? जिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यांत आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. तिथे चाचणी मोफत होते. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने तुमची संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. १०९७ या क्रमांकावर फोन करून नाव न सांगताही विचारता येतं. समुपदेशकाला घडलं ते स्पष्ट सांगावं, चाचणीची तारीख त्याच्याकडूनच ठरवून घ्यावी आणि तोवर गाठी चाचपणं, लक्षणं शोधणं, मित्राला पुन्हापुन्हा विचारणं बंद ठेवावं. हे अवघड जातं. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते, मग हळूहळू उतरते. मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावरही महिनोन्‌महिने तेच चालू राहिलं, तर पुढची पायरी मानसोपचाराची. आजाराच्या धास्तीवर विचार-वर्तन उपचारपद्धती चालते, याला चांगला पुरावा आहे. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत पाच ते दहा बैठकांचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला दिसला, आणि या बैठका घेण्यात प्रशिक्षित परिचारिका उत्तम ठरल्या. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ अपुरे आहेत, म्हणून ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आयसीटीसीतल्या समुपदेशकांना एवढं प्रशिक्षण देता येण्यासारखं आहे. ते मिळेपर्यंत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही उत्तर देतो. चौथ्यांदा रक्त द्यायला आलेल्याकडून पैसे घेऊन पावती फाडण्याऐवजी लॅबने त्याला हा क्रमांक लिहून द्यावा, अशी माझी इथल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींना विनंती आहे.